माळ्यावरची रवी

नाताळच्या तोंडावर घरे झाडावयास काढली, की राहाता परिसरातील आमच्या घरांच्या माळ्यांवरून जुन्या वस्तू हमखास खाली उतरतात. लाकडी रवी, वरवंटा, खलबत्ता, क्वचित जात्याचा खुंटा. त्या हाताळताना घरातील कर्ते पुरुष उसासा टाकतात, "त्या ताकाची चव आता कुठे राहिली?" हा उसासा आम्हीही टाकला आहे. परंतु तो टाकण्याचा आम्हांस अधिकार किती, या प्रश्नाने अलीकडे आम्ही अस्वस्थ होतो.

रवी ही तशी साधी वस्तू. हातभर दांडा आणि खाली कातलेल्या पाकळ्या. दोन तळव्यांत धरून फिरवली की वाडगाभर दह्याचे ताक होते, शिजलेले वरण एकजीव होते. मोठी रवी मात्र डेऱ्यात असे. घुसळखांबाला अडकवून ती दोरीने पहाटेच्या गारव्यात ओढावी लागे. ऊन चढले की लोणी मऊ पडून नीट गोळा होत नसे. अशी रवी असण्यास दारी दुभते हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येशूसंघाचे मिशनरी या जिल्ह्यात आले, तेव्हा त्यांच्याकडे वळलेली कुटुंबे बहुतांशी गावकुसाबाहेरची होती. घुसळण वाड्यात होई. आमच्या आज्या-पणज्या तांब्या घेऊन दाराशी उभ्या राहत आणि ताक वरून ओतले जाई. ज्या डेऱ्यासाठी आज आम्ही हळहळतो, तो आमच्यापैकी कित्येकांच्या घरी नव्हताच.

आमचे होते ते जाते आणि पाटा. अनुवाद ग्रंथातील नियम (२४:६) जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेण्यास मनाई करतो; कारण ती घेणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय. गरिबाच्या घरातील दगडाची ही किंमत देवाने जाणली. पण तो दगड फिरवण्यासाठी कोणी जीव पाखडला, हे आम्ही जाणले काय? पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची ओढ आणि भावाची माया आहे, तसाच सासुरवास व कष्टांचा शीणही आहे. आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या सूर तेवढा ऐकला. शब्द ऐकले नाहीत.

यंत्राने घरपण नेले, असेही म्हटले जाते. परंतु १९६० च्या दशकात मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथूर यांनी 'सुमीत' मिक्सर घडवला, तो पत्नीचा परदेशी मिक्सर बिघडला म्हणून. आपल्याकडच्या वाटणापुढे टिकेल असे यंत्र त्यांना हवे होते. स्वयंपाकघरातील एका स्त्रीची अडचण हे त्या यंत्राचे मूळ. त्याला नावे कशी ठेवावीत?

मग आमची हळहळ सर्वस्वी खोटी काय? तसे नव्हे. आपल्या पुनरागमनाविषयी बोलताना प्रभू येशूने जात्यावर दळणाऱ्या दोघी स्त्रियांचा दाखला दिला (मत्तय २४:४१). दळणाला दोघी समोरासमोर बसत, खुंट्यावर दोघींचे हात पडत, मनातले बोलणे निघे. मिक्सरपाशी एकटी उभी असते आणि त्याच्या घरघरीत हाकही ऐकू येत नाही. हरवली ती सोबत. शिवाय यंत्राने वाचवलेला तास कोणाच्या वाट्याला गेला? बहुतेक घरांत तो तिच्या विसाव्याला मिळाला नाही. दुसरे एखादे काम त्यात येऊन बसले. वाचलेला वेळ हीदेखील देवाने दिलेली ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो.

म्हणून आम्हांस वाटते, मिस्सा आटोपून घरी येताच "आज पाट्यावरचीच चटणी हवी" असा हट्ट धरणाऱ्याने पाट्याशी स्वतः बसावे. मिरचीने हात झोंबू द्यावेत. माळ्यावरून उतरलेली रवी धुऊनपुसून शोभेसाठी कपाटात ठेवण्यापेक्षा हाती धरावी, आणि झालेल्या ताकाचा पहिला पेला, जन्मभर सर्वांच्या मागून जेवलेल्या माउलीपुढे ठेवावा.