वहिवाटीचा देव

ठाणे, डोंबिवली, कल्याणहून रशियाच्या सहलीला निघालेली मंडळी सहसा मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग ही दोनच शहरं पाहून परततात. दोन्हींमध्ये साधारण साडेसहाशे किलोमीटरचं अंतर आहे, आणि सापसान ही वेगवान गाडी ते चारएक तासांत कापते. पीटर्सबर्गला उतरलं की नेव्हा नदी, हर्मिटेज, पीटरहॉफची कारंजी, आणि मग एकामागून एक चर्च. सेंट आयझॅक कॅथेड्रलमध्ये तिकीट दाखवून आत शिरताना मराठी माणसाच्या मनात हमखास एक प्रश्न येतो: हे देऊळ चालू आहे का? इथं पूजाअर्चा होते, की नुसतं बघायचं? हात जोडायचे की मोबाइल वर धरायचा, हे त्या उत्तरावर ठरणार असतं. पायांचा प्रश्न तिथं नाही, ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पादत्राणं काढत नाहीत. बाया डोकं झाकतात, पुरुष टोपी उतरवतात.

आयझॅकपुरतं उत्तर असं, की दोन्ही. फ्रेंच वास्तुकार मोंफेराँ याच्या आराखड्यानुसार ते १८१८ ते १८५८ अशी चाळीस वर्षं बांधलं जात होतं. क्रांतीनंतर, १९३१ मध्ये त्याचं निरीश्वरवादाच्या प्रचाराचं संग्रहालय झालं. घुमटाच्या आत, अगदी वर मध्यभागी, पवित्र आत्म्याचं प्रतीक असलेलं कबुतर होतं. ते उतरवलं आणि त्या जागी फुकोचा लंबक टांगला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. लंबक १९८६ मध्ये निघाला, कबुतर परत वर गेलं, १९९० पासून प्रार्थनाही पुन्हा होऊ लागल्या. इमारत मात्र आजही संग्रहालयच आहे. पर्यटक तिकीट काढतात, प्रार्थनेला येणारे तिकिटाशिवाय येतात. एकाच छताखाली दोन गर्द्या, आणि दोन्हींची नजर वेगळी.

लंबकाची ही गोष्ट विज्ञान विरुद्ध धर्म म्हणून सांगितली जाते. ती तेवढीच नाही. पृथ्वी फिरते याला त्या काळातल्या कुठल्या शहाण्या भाविकाचा विरोध असण्याचं कारण नव्हतं. बदलली गेली ती माणसांची सवय. माणूस त्या घुमटाखाली उभा राहून मान वर करत होता, तो आताही मान वरच करणार होता, फक्त वेगळ्या कारणासाठी. त्याच वर्षी, डिसेंबर १९३१ मध्ये, मॉस्कोत ख्राइस्ट द सेव्हियर हे प्रचंड कॅथेड्रल सुरुंगांनी उडवलं गेलं. तिथं सोव्हिएतांचा महाल व्हायचा होता. तो झालाच नाही, आणि शेवटी त्या जागी उघडा पोहण्याचा तलाव आला. आज ते कॅथेड्रल जसं होतं तसं नव्यानं उभं आहे, २००० मध्ये त्याचा विधिवत अभिषेक झाला. जे पाडलं ते पूर्णपणे देवाकडे परतलं, आणि ज्याचा दगडही हलवला नाही ते अजून निम्मं संग्रहालय आहे. यावरून एक गोष्ट दिसते. देवस्थान मोडतं ते भिंती पडल्यानं नाही, वहिवाट बदलल्यानं मोडतं.

हा विचार आपल्याकडे परका नाही. डोंबिवलीच्या कुठल्याही घरात दीड दिवसाच्या गणपतीची उत्तरपूजा झाली आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवली, की देव गेला असं सगळे मानतात. सकाळी जिच्यापुढे आरती झाली तिला संध्याकाळी पाण्यात सोडताना गलबलून येतं, पण पाप वाटत नाही. देवाला बोलावता येतं तसा निरोपही देता येतो, ही समज मुलांनाही असते. उलट बाजूला स्वयंभू देव आहेत. त्यांची प्राणप्रतिष्ठा कुणी केलेली नाही, त्यामुळे त्यांना निरोप देण्याचा अधिकारही कुणाला नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेतही हे दोन्ही धागे आहेत. ७८७ साली निकिया इथं भरलेल्या धर्मपरिषदेनं ठरवलं, की चित्राला दिलेला मान चित्रात थांबत नाही, ज्याचं चित्र आहे त्याच्याकडे जातो. तसं पाहिलं तर आयकॉन देव्हाऱ्यात असो की काचेच्या कपाटात, फरक पडू नये. पण त्याच परंपरेत वेदीवर संताचे अवशेष शिवलेलं, बिशपनं सही केलेलं वस्त्र असल्याशिवाय मुख्य उपासना होत नाही. म्हणजे जागा सिद्ध करावी लागते. तत्त्व एकीकडे ओढतं, विधी दुसरीकडे.

या ओढाताणीतून वाट काढायची तर सहलीच्या यादीत क्वचितच असलेल्या एका जागी जावं. वासिलेव्हस्की बेटावर स्मोलेन्स्क दफनभूमी आहे, तिथं क्सेनिया नावाच्या अठराव्या शतकातल्या बाईचं छोटं समाधिमंदिर आहे. तिचा नवरा गायक होता. तो अचानक गेला, तेव्हा ही त्याचे कपडे अंगावर घालून रस्त्यावर आली, होतं नव्हतं ते वाटून टाकलं आणि उरलेलं आयुष्य फिरत काढलं. स्मोलेन्स्क चर्चचं बांधकाम चालू असताना ती रात्री गुपचूप विटा वर नेऊन ठेवत असे, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे अशा माणसाला अवलिया म्हणतात. सोव्हिएत राजवटीत हे समाधिमंदिर बंद झालं, त्याचा उपयोग भलत्याच कामांसाठी झाला. लोक येत राहिले. कुंपणाच्या, भिंतीच्या फटीत नवसाच्या चिठ्ठ्या खोचत राहिले. परीक्षा, आजारपण, लग्न, घर. हे करण्याला कुणा पुरोहिताची परवानगी नव्हती, आणि सरकारचा तर विरोधच होता. १९८७ मध्ये दार उघडलं, १९८८ मध्ये रशियन चर्चनं तिला संतपद दिलं. संतपद चर्चनं दिलं हे खरं, पण ते तोवर राखलं होतं चिठ्ठ्या खोचणाऱ्यांनी.

याच्या उलट उदाहरण त्याच शहरात आहे, आणि ते जास्त प्रसिद्ध आहे. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर ज्या जागी बॉम्बनं घायाळ झाला, तिथं त्याच्या मुलानं चर्च बांधायला घेतलं. १९०७ मध्ये ते पुरं झालं. आत सात हजार चौरस मीटरहून अधिक भिंत आणि छत मोझेकनं मढवलेलं आहे. तिथं गल्लीबोळातल्या चर्चसारखी रोजची वहिवाट कधी नीट रुजलीच नाही. ते सुरुवातीपासून स्मारक होतं. नंतर त्यात नाटकमंडळीचं सामान ठेवलं गेलं, भाजीपाला साठवला गेला, आणि गावानं त्याला बटाट्यांवरून नाव पाडलं. १९९७ मध्ये ते पर्यटकांसाठी उघडलं, तेव्हापासून रांग संपलेली नाही. सौंदर्याच्या दृष्टीनं त्याच्यापुढे क्सेनियाचं हिरवट रंगाचं समाधिमंदिर काहीच नाही. पण नमस्कार करावासा वाटतो तो तिकडे.

अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत देशात गेले तेव्हा आयझॅकच्या घुमटाखाली तो लंबक टांगलेलाच होता. ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिणारे अण्णाभाऊ घुमट बघायला गेले नव्हते. कष्टकऱ्याला मान असलेला देश डोळ्यांनी पाहायचा ही त्यांची ओढ होती. वाटेगावच्या दलित वस्तीत जन्मलेल्या माणसाला इथल्या देवळाचं दार किती बंद होतं हे आठवलं, की त्या ओढीला यात्रा म्हणायला हरकत वाटत नाही. २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. आता मराठी प्रवासी तिथं जाऊन हार घालतात.

आयझॅकच्याच चौकात आणखी एक इमारत आहे. तिथं पर्यटकांच्या बस क्वचितच थांबतात. ती वाव्हिलोव्ह यांची वनस्पतिसंस्था. जगभरातून गोळा केलेलं बियाणं तिथं जपलेलं होतं. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ असा लेनिनग्राडला, म्हणजे याच पीटर्सबर्गला, जर्मनांचा वेढा पडला, शहरात लाखो माणसं उपासमारीनं मेली. संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या हाताशी गहू होता, शेंगदाणे होते, तांदूळ होता. त्यांनी त्यातलं काही खाल्लं नाही. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह भुकेनं गेले तेव्हा भाताच्या वाणांची हजारो पाकिटं जशीच्या तशी होती. ज्यांनी ही संस्था उभारली ते निकोलाय वाव्हिलोव्ह त्याच काळात स्टालिनच्या तुरुंगात होते, १९४३ मध्ये सारातोव्हला तिथंच गेले. देव नाकारणाऱ्या राज्यात, देवाचं नावही न घेता, माणसांनी एका वस्तूला हात लावायचं नाकारलं आणि त्यापायी जीव दिला. पावित्र्याचा याहून शुद्ध नमुना त्या चौकातल्या कॅथेड्रलमध्येही दाखवता येणार नाही. वहिवाट म्हणजे केवळ काय करतो हे नाही. काहीही झालं तरी काय करत नाही, तेही तिच्यात येतं.

इकडे, कल्याणच्या पुढे अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिलाहारांचं शिवालय आहे. शिलालेखातला शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं, वर शिखराच्या जागी उघडं आकाश आहे. हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक, आणि तरीही रोजची पूजा चालू आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. इतिहासाचा विद्यार्थी बाहेरच्या भिंतीवरचं शिल्प पाहत थांबतो, शेजारून बाई बेल घेऊन पायऱ्या उतरते. अडचणी आहेतच. दुधा-पाण्यानं दगड झिजतो, नदीत कारखान्यांचं सांडपाणी येतं, गर्दी आवरत नाही. पण पीटर्सबर्ग तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी चाचपडतं आहे, ती इथं रोज घडते आणि तिचं कुणाला विशेष वाटत नाही.

ठाण्यातलं उदाहरण अधिक अवघड. १३२१ मध्ये इथं चार ख्रिस्ती धर्मोपदेशक मारले गेले. त्यांतला एक तिफ्लिसचा दिमित्री होता. थोड्याच काळानं ओदोरिक हा इटालियन प्रवासी ठाण्यात आला, त्यानं त्या चौघांच्या अस्थी गोळा केल्या आणि पार चीनमधल्या झैतून बंदरापर्यंत नेल्या. त्याच्यासाठी ठाणं हे तीर्थ होतं. आज तलावपाळीवर फिरायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असेल. त्याच तलावाकाठच्या कोपीनेश्वराची कथा उलटी: जुनं देऊळ गेलं, लिंग मासुंदा तलावात सापडलं, आणि १७६० च्या सुमारास बिवलकरांनी मंदिर पुन्हा बांधलं, असं परंपरा सांगते. एक वहिवाट पाण्याखालून वर आली, दुसरी माणसांबरोबर निघून गेली. मग जिथं ते चौघे पडले ती जमीन आता नुसती जमीन आहे का? इथं वहिवाटीचा सिद्धांत अपुरा पडतो, हे मान्य करायला हवं. जे घडलं ते कुणी आठवत नाही म्हणून न घडलेलं होत नाही.

आणखी एक आक्षेप कल्याणकरांना सांगावा लागत नाही. दुर्गाडी किल्ल्यावर देवीचं देऊळ आहे आणि ईदगाहही, आणि त्यावरून पिढ्या गेल्या तरी कोर्टकज्जे. वहिवाट हाच देवाचा पुरावा मानला, तर ज्याची संख्या जास्त त्याचा देव खरा, असं होऊन बसेल. २०१७ च्या जानेवारीत आयझॅक चर्चच्या ताब्यात द्यायचं शहराच्या गव्हर्नरनं जाहीर केलं, तेव्हा हजारो लोक विरोधात रस्त्यावर आले. त्यांत श्रद्धाळूही होते. हस्तांतर झालं नाही. नेव्हस्की रस्त्यावरच्या कझान कॅथेड्रलचं उदाहरण यापेक्षा दिलासा देणारं आहे. तिथंही १९३२ पासून धर्म आणि निरीश्वरवादाच्या इतिहासाचं संग्रहालय होतं. नव्वदच्या दशकात प्रार्थना आणि संग्रहालय काही वर्षं एकाच इमारतीत राहिली, मग संग्रहालयाला दुसरी वास्तू मिळाली आणि ते तिकडे गेलं. क्सेनियाच्या भिंतीत चिठ्ठी खोचणाऱ्यानं जागेवर मालकी सांगितली नव्हती. वहिवाट आणि कब्जा यांत हा फरक आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकापेक्षा वागण्यात आधी दिसतो.

भक्तीनं वस्तूचं नुकसान होतं, हेही खोटं नाही. पंढरपूरच्या मूर्तीची झीज थांबवायला २०२० मध्ये वज्रलेप करावा लागला. रशियात आंद्रेई रुब्लेव्हचं ‘त्रित्व’ हे सहाशे वर्षांचं चित्र त्रेत्याकोव्ह संग्रहालयातून काढून चर्चकडे द्यायचं २०२३ मध्ये ठरलं, तेव्हा जतनतज्ज्ञ घाबरले होते ते धर्माला नाही, लाकूड आणि रंग हवा-ओलाव्यानं सुटतील याला. त्यांची काळजीही भक्तीच म्हणावी लागेल. वाव्हिलोव्हच्या संस्थेतली माणसं याच जातीची होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातले पिप्रहवाचे बुद्धावशेष रशियातल्या काल्मिकियाची राजधानी एलिस्ता इथं नेले गेले, आणि संग्रहालयातल्या त्या वस्तूंपुढे माणसांनी दर्शनाच्या रांगा लावल्या. आपल्याकडेही असं काही आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या सोपाऱ्याच्या स्तूपातून भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये दगडी पेटी बाहेर काढली. तिच्यात सोन्याची फुलं, आठ कांस्यमूर्ती आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे होते. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे, आणि उल्हासनगर-कल्याण-ठाण्याच्या बुद्धविहारांतून रोज वंदना म्हणणाऱ्यांपासून लोकलच्या अंतरावर आहे. एलिस्ताला जे जमलं ते इथं नेमानं, दरवर्षी, अभ्यासकांच्या देखरेखीखाली करता येईल, आणि करायला हवं.