आधी ऊन बघावं

माघ लागला की रोपवाटिकांत गर्दी वाढते. वसंत पंचमी आलेली असते. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे पाहिलेले रंग डोळ्यांत असतात. मग रविवारी सकाळी आपण पिशवी घेऊन निघतो. समोरच पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, पॅन्सी मांडलेली असतात. शेवंती कुंडीभर फुललेली असते. आणि मागच्या बाजूला, धड पानंही नसलेल्या मोगऱ्याच्या काटक्या. त्यांच्याकडे कोण बघणार? पण आपल्याकडचा वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, चांगला कडक उन्हाळा. ती हंगामी फुलं थंडीची. मार्चचं ऊन तापलं की ती आवरतं घेतात. शेवंतीला तर कळी धरायलाच मोठी रात्र लागते. दोन महिने डोळ्यांना आनंद हवा असेल तर ती जरूर आणावीत, त्यात काहीच चूक नाही. वसंताची फुलं हवी असतील तर मात्र त्या काटक्यांकडे वळावं लागतं. जानेवारीच्या अखेरीस मोगऱ्याची छाटणी केली, पोटात चांगलं शेणखत घातलं, की नवे धुमारे फुटतात. फुलं येतात ती या नव्या धुमाऱ्यांवरच. दादरच्या फूलबाजारात जव्हार-विक्रमगडकडून मोगऱ्याच्या कळ्या येतात. छाटणीनंतर तिथल्या मळ्यांतली झाडंही अशीच उघडीबोडकी असतात.

पण मोगराच घ्या, असं सांगायला हे लिहीत नाही. रोप निवडण्याआधी एक काम असतं आणि ते बहुतेकांचं राहून जातं. स्वतःच्या घरातलं ऊन बघणं. ते वाटतं तितकं सरळ नसतं. जानेवारीत दक्षिणेकडच्या बाल्कनीत ऊन पार दारापर्यंत येतं, कारण सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात तो भर दुपारीही अर्ध्याच आभाळापर्यंत चढतो. मेच्या मध्यावर मात्र थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तेव्हाचाच. वरच्या मजल्याचा स्लॅब असेल, तर त्याच बाल्कनीत दुपारचं ऊन कठड्यापाशीच थांबतं. म्हणजे माघातलं ऊन बघून आणलेला मोगरा ऐन फुलायच्या दिवसांत सावलीत! पूर्वेकडे मोकळं असेल तर सकाळचं ऊन बाराही महिने मिळतं. मोगरा, अनंत तिथे खूश असतात. पश्चिमेच्या दुपारच्या तापाला जास्वंद पुरून उरते, फक्त पाणी चुकवायचं नाही. थेट ऊन फार येतच नसेल तर अबोली लावावी, तगर लावावी. तगरीला सावलीत फुलं थोडी कमी येतात, पण देवापुरती नक्की येतात. अंगण असलेल्या भाग्यवंतांनी सोनचाफ्याचं कलम लावावं, पण भिंतीपासून लांब. ते झाड पुढे चांगलंच मोठं होतं. घरात ऊन कुठे आणि किती वेळ येतं, हे सगळ्यांत नेमकं कोणाला ठाऊक असतं? कपडे वाळत घालणाऱ्याला. जाड टॉवेल कुठल्या दोरीवर आधी वाळतो, ते त्याला झोपेतही सांगता येईल. रोप आणण्याआधी त्याचा सल्ला घ्यावा.

हे न बघता रोप आणलं की पुढचं ठरलेलं असतं. सावलीतला मोगरा हिरवागार होतो, वेलीसारखा लांबतो, पण कळी धरत नाही. मग आपण खत घालतो. तरी फूल नाही, म्हणून आणखी घालतो. नत्राचं खत जास्त झालं की पानंच वाढतात. त्याला हवं असतं पाच-सहा तासांचं ऊन, म्हणजे बहुतेक वेळा कुंडी दोन हात सरकवणं. माणसांच्या बाबतीतही आपण बरेचदा खतच वाढवत असतो. मुलाचं अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून आणखी एक शिकवणी लावतो. त्याचं टेबल टीव्हीच्या भिंतीला लागून आहे, हे रोज दिसत असतं आणि तरी दिसत नाही. ऑफिसात कोणी मिटिंगमध्ये बोलत नाही म्हणून त्याला सर्वांसमोर बोलतं करायला जातो. तोच माणूस चहाच्या टपरीवर दोघातिघांत किती नेमकं बोलतो, ते मात्र लक्षात घेत नाही. सासूबाई अलीकडे गप्प असतात म्हणून त्यांना नवा मोबाइल घेऊन देतो. त्यांना संध्याकाळी खालच्या बाकावर बसायचं असतं आणि लिफ्ट बंद असते. यात प्रेम कमी नसतं. उलट ते इतकं असतं की थांबून बघायला सवडच देत नाही. काहीतरी देऊन टाकायची घाई होते.

बघायला खरं तर फार वेळ लागत नाही. सकाळचा चहा हातात असतोच. तेवढ्या पाच मिनिटांत आज ऊन कुठल्या फरशीवर आलं आहे, ते पाहावं. दुपारी कोणी घरी असेल तर त्याला विचारावं. सुट्टीच्या दिवशी खडूने एक रेघ ओढून ठेवली तरी चालेल, पोरांना तो खेळच वाटतो. आठवडाभरात आपलं घर आपल्याला थोडं नव्याने कळतं. कुठला कोपरा दिवसभर थंड असतो, कुठे आजोबांची खुर्ची आपोआप सरकत जाते, हेही सोबत कळतं. कपाटामागे राहिलेली धूळ दिसली तर आज तरी तिच्याकडे दुर्लक्ष करावं! आणि मग रविवारी रोपवाटिकेत गेल्यावर “काका, छान काय आहे?” असं विचारू नये. छान तिथे सगळंच असतं. “सकाळी आठ ते अकरा ऊन असतं, नंतर सावली, कुंडी बारा इंची आहे, काय लावू?” असं विचारून बघा. काका हातातली झारी खाली ठेवतात, “मजला कितवा?” म्हणून उलट विचारतात आणि पुढच्या फुललेल्या ओळी सोडून तुम्हाला मागच्या बाजूला घेऊन जातात.