धमनीचे अस्तर आणि कर्मविपाक

कॉरोनरी धमन्यांना आतून एका पेशीइतक्याच जाडीचे अस्तर असते. हृदयाच्या स्नायूला कोणत्या क्षणी किती रक्त मिळावे, याचा बराचसा निर्णय या अस्तरातच होतो. हा स्नायू विश्रांतीच्या वेळीही वाट्याला आलेल्या रक्तातला सुमारे ७० ते ७५ टक्के प्राणवायू काढून घेतो. त्यामुळे सिंहगडाची चढण लागली की हृदयाला रक्तच जास्त लागते आणि धमन्या रुंदाव्या लागतात. निरोगी हृदयात हा प्रवाह चार-पाच पटींपर्यंत वाढतो.

त्यासाठी मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. वाहत्या रक्ताचे घर्षण अस्तरातल्या पेशींना जाणवते आणि त्या आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात. तो शेजारच्या स्नायुपेशींत झिरपून त्यांना सैल करतो आणि काही सेकंदांत नाहीसा होतो. म्हणून अस्तराचे हे काम अखंड चालू ठेवावे लागते. हेच अस्तर प्रोस्टासायक्लिन स्रवून रक्त गोठू देत नाही, आणि धमनी आवळणारे एंडोथेलिनही तेच तयार करते.

रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की अस्तर शाबूत असेल तर अ‍ॅसिटिलकोलिनने धमनी सैलावते आणि अस्तर खरवडले गेले असेल तर सैलावत नाही. पुढे १९९८ च्या नोबेल पुरस्कारात ते वाटेकरी झाले. त्याहून बोलका प्रयोग १९८६ चा आहे. माणसांच्या निरोगी कॉरोनरी धमन्या अ‍ॅसिटिलकोलिनने रुंदावल्या, रोगट धमन्या मात्र त्याच द्रव्याने आवळल्या. निरोप तोच असूनही उत्तर उलटे आले, कारण मधले अस्तर बिघडले होते.

अस्तर बिघडले तर दोष कोणाचा? तंबाखू, बैठे काम, वाढलेली साखर ही उत्तरे कर्मसिद्धान्ताला सोयीची आहेत, कारण करणारा आणि भोगणारा त्यांत एकच राहतो. भारतीय दर्शनांनी दोन आपत्ती टाळण्याजोग्या मानल्या आहेत : केलेले वाया जाणे, म्हणजे कृतनाश, आणि न केलेले भोगावे लागणे, म्हणजे अकृताभ्यागम. पुण्यातल्या संशोधनाने नेमकी दुसरी आपत्ती पुढे आणून ठेवली.

केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गर्भारपणाआधीपासून अभ्यास केला. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंच्या आसपास वजनाची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान. तरीही शरीरातली चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. गर्भारपणात कष्टाची कामे जास्त असतील तर बाळ आणखी लहान, पालेभाज्या, फळे आणि दूध पोटात गेले असेल तर थोडे मोठे. आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. इन्सुलिन हे अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला सांगणारे एक द्रव्य आहे; ती दाद कमी झाली की अस्तराचेही नुकसान होते. ब्रिटनमध्ये ९ ते ११ वर्षांच्या मुलांत कमी जन्मवजन आणि रक्तप्रवाह वाढल्यावर धमनीचे कमी रुंदावणे यांचा संबंध १९९७ मध्येच दिसला होता.

बी-१२ ची गोष्ट आणखी अवघड. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळते, त्यामुळे पुण्यासारख्या शाकाहारबहुल शहरात त्याची कमतरता सर्रास आढळते आणि रक्तातले होमोसिस्टीन वाढते. होमोसिस्टीन अस्तराला बाधक आहे. पण ते औषधाने उतरवून हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, हेही मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. तेवढी मर्यादा मानूनही अहिंसेच्या पुण्यकर्माला असे फळ यावे, याची संगती लावणे सोपे नाही.

पुनर्जन्म मानणारा म्हणेल की त्या जिवाला ते गर्भाशय पूर्वकर्मानेच लाभले. हे उत्तर खोडता येत नाही. पण ते प्रत्येक धमनीला सारखेच लागू पडते, म्हणून कोणत्याच धमनीविषयी काही सांगत नाही. शिवाय दोषाचे ओझे ते जन्मलेल्या मुलावरच टाकते.

१९१५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवरच्या प्रकरणात, टिळक वेगळी वाट दाखवतात. कर्माचा नियम एकट्या व्यक्तीपुरता नाही. कुटुंब, समाज, राष्ट्र यांनाही तो चुकत नाही, आणि त्यांत जन्मलेल्याला त्यांच्या कर्माचा काही वाटा भोगावा लागतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. टिळकांनी हे ओझरतेच मांडले आहे, तरी सहा गावांतल्या बाळांना तेच अधिक लागू पडते. शेतावर राबणाऱ्या गर्भवतीला अपुरे अन्न मिळणे हे तिचे एकटीचे कर्म नव्हे. घराच्या आणि गावाच्या रीतीही त्यात कर्त्या आहेत.

मात्र यातून अकृताभ्यागम मिटत नाही. सामूहिक कर्माचे फळ समूहात समान वाटले जात नाही; ते विशिष्ट मुलाच्या विशिष्ट धमनीत उतरते. प्रतिकाराची दिशा तेवढी बदलते. याच अभ्यासातील मुले किशोरवयात आल्यावर, २०१२ पासून, ‘प्रिया’ चाचणीत त्यांच्यापैकी काहींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आले. गोळी घेणारी मुलगी स्वतःसाठी घेतच होती. पण चाचणीचा मुख्य प्रश्न तिच्या पुढे होणाऱ्या बाळाचा होता.