उतारशाळेचा रक्षक

मनन : लूक १०:३०-३५, उत्पत्ति ९:२०-२३



चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांनाही तोंडपाठ आहे. याजक पलीकडून गेला, लेवी पलीकडून गेला, शोमरोनी मात्र थांबला. परंतु त्या घायाळ मनुष्याला ज्या उतारशाळेंत नेलें तिच्या रक्षकाविषयीं उपदेश झालेला फारसा ऐकूं येत नाहीं. शोमरोनी तर दुसऱ्या दिवशीं दोन दिनार देऊन आपल्या वाटेनें गेला. दोन दिनार म्हणजे त्या काळीं मजुराची दोन दिवसांची मजुरी. पुढें रात्रीं अपरात्रीं पाणी देणें, पट्ट्या सोडणें व बांधणें, विव्हळणें ऐकणें, हें सर्व ज्याच्या वांट्यास आलें त्याचें नांवही शास्त्रांत नाहीं. आज त्याच्याविषयीं बोलावयाचें आहे. कारण आपल्या गांवांत एक घायाळ असा असतो कीं त्याला रस्त्यावरून उठवून बसविणारे पुष्कळ, पण ठेवून घेणारा कोणी नसतो. तो म्हणजे घर सुटलेला दारूबाज.

हिवरखेडासारख्या कोणत्याही मोठ्या गांवीं असा एखादा सर्वांच्या ओळखीचा असतोच. शेत सावकाराकडे गेलें, बायको मुलांस घेऊन माहेरीं गेली, भावांनीं दार लावून घेतलें. उन्हाळ्यांत तो पारावर निजतो, पावसाळ्यांत मोटारीच्या थांब्यावर, आणि पौषांत सातपुड्याकडून वारा सुटला म्हणजे कोणाच्या तरी गोठ्याच्या आडोशाला. प्यालेल्या मनुष्याला थंडी बाधत नाहीं असें लोक समजतात. तें खोटें आहे. दारूनें कातडीला ऊब वाटते, परंतु त्याच वेळीं शरीरांतली ऊब बाहेर निघून जात असते. शुद्ध नसलेला मनुष्य उघड्यावर गारठून मरूं शकतो.

अशा मनुष्याला आपण काय सांगतों? "आधीं दारू सोड, मग तुझी सोय बघूं." हें बोलणें मोठें धार्मिक वाटतें. परंतु चिखलांत रुतलेल्याला, "आधीं पाय धुऊन ये, मग हात देतों," असें म्हणण्यासारखें तें आहे. ज्याला रात्रीं कुत्र्यांची, पावसाची व लाथांची भीति, तो ती भीति घालविण्याला पितो. आणि पितो म्हणून त्याला कोणी निवारा देत नाहीं. हें चाक कोठें तरी थांबवावें लागतें. मी म्हणतों, तें निवाऱ्याच्या बाजूनें थांबवावें.

हा केवळ माझा तर्क नव्हे. अमेरिकेंतील सिॲटल शहरांत २००५ सालीं असें एक घर उघडण्यांत आलें. त्यांत ७५ जणांची सोय होती, आणि घेतलेले सर्व रस्त्यावर दिवस काढून अतिशय पिणारे होते. दारू सोडण्याची अट नव्हती; आपल्या खोलींत पिण्याचीही मनाई नव्हती. मात्र घरांत रात्रंदिवस सेवक असत, जेवण मिळे, दुखणेकऱ्याची विचारपूस होई. सरकारी पैशानें दारूबाजांचे लाड चालले आहेत अशी पुष्कळ ओरड झाली. पुढें २००९ सालीं तेथील वैद्यांच्या एका मान्यवर पत्रांत त्याचा हिशेब छापून आला. ह्या लोकांपायीं तुरुंग, इस्पितळें वगैरेंवर माणशीं दरमहा मध्यम मानानें ४,०६६ डॉलर खर्च होत असे. घरांत येऊन एक वर्ष झाल्यावर तो ९५८ डॉलरांवर आला. आणि रोजचे पेले सुमारें १६ होते ते वर्षाअखेर सुमारें ११ झाले. कोणी बळजबरी केली नव्हती. दार लावून निजावयास मिळालें, सकाळीं कोणी हांकून देणार नाहीं अशी खात्री झाली, ह्यांतच बरेंचसें कारण असावें असें मला दिसतें. अकरा पेले म्हणजे कांहीं थोडे नव्हेत हें मीही जाणतों. तरी जो उतरणीला लागला होता तो चढणीला लागला, आणि जिवंत राहिला.

येथें कोणी वडील म्हणतील, "पाळकबुवा, मग पाप पाठीशीं घालावयाचें काय?" ह्या प्रश्नाला उत्तर नोहाच्या तंबूंत आहे. जलप्रलयांतून वांचलेला तो नीतिमान् पुरुष द्राक्षारस पिऊन आपल्याच तंबूंत उघडा पडला. शास्त्रानें हें झांकलें नाहीं. हाम ह्यानें पाहिलें व बाहेर जाऊन भावांस सांगितलें. शेम व याफेथ ह्यांनीं खांद्यावर वस्त्र घेतलें, पाठमोरे चालत आंत गेले व बापाला पांघरूण घातलें. त्यांनीं मद्याची स्तुति केली नाहीं, नवा पेला भरला नाहीं, बाप शुद्धीवर आहे असें सोंगही केलें नाहीं. पण त्याला तंबूबाहेरही काढलें नाहीं. आपल्या मंडळ्यांत हामाचें काम करणारे पुष्कळ आहेत; रविवारीं उपासना सुटल्यावर दारांतच त्यांची सभा भरते.

आपल्या वऱ्हाडानें ह्या बाबतींत एक पुरुष पाहिला आहे. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या डेबूचा बाप झिंगराजी दारूपायीं मेला. आई सखूबाई लेंकराला घेऊन मूर्तिजापुराकडील दापुऱ्यास माहेरीं गेली. म्हणजे दारूनें ज्याचें घर बुडविलें असा हा पोर, आजोळाच्या छपराखालीं वाढला. तोच पुढें गाडगेबाबा. १९०५ सालीं ते घर सोडून निघाले, आणि १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढीत राहिले. ते आपल्या मंडळीचे नव्हते, तरी एक गोष्ट त्यांच्यापासून शिकावी. दारूचा एवढा वैरी, पण त्यानें लोकांकडून पैसा उभा करून बांधिलें काय? पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें गोरगरिबांसाठीं धर्मशाळा. दारूचा द्वेष आणि निराश्रिताची कींव एका हृदयांत सुखानें नांदूं शकतात.

कायद्याविषयीं मी फार बोलत नाहीं. वर्धा जिल्ह्यांत १९७५ पासून व गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती कित्येक घरांस हितकर झाली असेल. चंद्रपुरांत २०१५ सालीं आली ती २०२१ सालीं उठली. जो सोडण्यास तयार आहे त्याला पुण्याचें मुक्तांगण १९८६ पासून मदत करीत आहे. पण जो आज तयार नाहीं, त्यानें तयार होईपर्यंत जगावें कोठें?

म्हणून उपदेशक बंधूंस कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. मंडळीच्या आवारांत एखादी रिकामी खोली असते. ती अशा एखाद्याला द्यावी. त्याच्या बायकोमुलांच्या घरीं मात्र त्याला बळेंच नेऊन घालूं नये. ज्या बाईनें मार खाल्ला आहे तिच्या पाठीवर आपल्या दयेचें ओझें ठेवण्याचा आपणांस अधिकार नाहीं. त्याच्या हातीं रोकड देऊं नये, दारूही आणून देऊं नये, पण तो पिऊन आला म्हणून अंथरूणही बाहेर टाकूं नये. पिण्यापूर्वीं पोटांत भाकरी जाईल असें पहावें. रिकाम्या पोटीं दारू फार लवकर चढते. प्यालेला निजला असेल तर उताणा न ठेवतां कुशीवर निजवावा, नाहींतर ओकारी घशांत अडकून प्राण जातो.

पुढील गोष्ट तर पुष्कळ भक्तिमान् लोकांस ठाऊक नाहीं. जो वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पितो त्याला खोलींत कोंडून, "आतां प्रार्थनेनें सुटेल," असें म्हणून दारू एकाएकीं तोडूं नये. प्रार्थना अवश्य करावी. पण एकाएकीं तोडल्यानें हातपाय कांपतात, फेफऱ्यासारखे झटके येतात, दोनतीन दिवसांनीं भ्रम होऊन नाहीं तें दिसूं लागतें, आणि उपचार न झाल्यास मनुष्य दगावतो. हें भूत नव्हे, अंगारेधुपारे किंवा शपथा ह्यांचें हें काम नव्हे. त्यानें सोडावयाचें म्हटलें तर आधीं तेल्हाऱ्याच्या किंवा अकोटच्या सरकारी रुग्णालयांत न्यावें. तेथें झटके आंवरणारें औषध व बी-१ हें जीवनसत्त्व देतां येतें. सरकारच्या १४४४६ ह्या दूरध्वनीवर फुकट विचारतां येतें.

चोरट्या दारूची धास्ती निराळीच. मुंबईंत मालवणीला जून २०१५ मध्यें विषारी दारूनें शंभरांहून अधिक लोक मेले. तींत मेथेनॉल होतें. पिणाऱ्याला अंधुक दिसूं लागलें, पोटांत कळा आल्या, तर सकाळची वाट न पाहतां गाडी करावी. मग त्यानें कोठून घेतली ह्याची चौकशी मागून करतां येईल.

असे कितीक दिवस? शोमरोन्यानें रक्षकाला सांगितलें कीं अधिक खर्च झाला तर तो मी परत आल्यावर भरून देईन. किती दिवस, किती पैसे, ह्याची मर्यादा त्यानें घातली नाहीं. तो घायाळ बरा होऊन गेला, कीं पुन्हां त्याच वाटेनें जाऊन पुन्हां मार खाऊन आला, हेंही लूक लिहीत नाहीं. मंडळीनें वर्षाच्या कापणीच्या दानांतून कांहीं पायली ज्वारी व एक घोंगडी ह्या खोलीच्या नांवें निराळी काढून ठेवावी, आणि आळीपाळीनें कोणी संध्याकाळीं डोकावून यावें. खोलीची किल्ली त्या मनुष्याजवळच असावी, म्हणजे तें त्याचें घर होईल. दुसरी किल्ली पाळकाजवळ असावी. एखाद्या रात्रीं हांक मारून आंतून उत्तर आलें नाहीं तर दार उघडतां आलें पाहिजे.