रतामाच्या झुडपाखालीं

वाचन : १ राजे, अध्याय १९, वचनें १ ते १८.



खेड्यांत एखाद्यावर मोठें संकट आलें म्हणजे सारें गांव धांवून येतें. पण रोजच्या बारीकसारीक काळज्यांनीं जें मन कुरतडलें जातें, त्याची वार्ता शेजाऱ्यालाही नसते. पेरणी झाली, पाऊस नाहीं. बचतगटाचा हप्ता उद्यां भरावयाचा आहे. विहिरीवरील मोटारीला वीज मध्यरात्रीं येते. मुलाची फी राहिली आहे. सासूबाईंचें औषध संपलें आहे. यांतील एकही गोष्ट डोंगराएवढी नाहीं. पण मूठमूठ करून पोतें भरतें, आणि मग तेंच उचलवत नाहीं. अशा ओझ्याखालीं वांकलेल्या विश्वासणाऱ्यास पुष्कळदां आणखी एक दुःख होतें. आपला विश्वास खरा असता तर आपल्याला अशी चिंता लागलीच नसती, असें त्याला वाटतें. या दुसऱ्या दुःखाविषयीं मला आज प्रथम बोलावयाचें आहे.

एलीया भविष्यवादी अल्पविश्वासी होता असें कोण म्हणेल? कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशें भविष्यवाद्यांपुढें तो एकटा उभा राहिला. परंतु त्यानंतर ईजबेल राणीची धमकी येतांच तोच मनुष्य जीव घेऊन पळाला. बैर-शेबा येथें त्यानें आपल्या चाकराला ठेवलें, एक दिवसाची वाट तो रानांत एकटाच चालला, आणि रतामाच्या झुडपाखालीं बसून, आतां आपला प्राण न्यावा, अशी त्यानें देवाजवळ मागणी केली. चाकराला मागें ठेवल्याची गोष्ट लक्षांत घ्या. थकलेला मनुष्य पुष्कळदां प्रथम आपल्या माणसांसच दूर करितो.

आतां देवानें काय केलें तें पाहा. त्यानें त्याला धमकाविलें नाहीं, कीं अविश्वासाचा दोष दिला नाहीं. त्यानें त्याला झोंपूं दिलें. मग दूतानें त्याला स्पर्श करून उठविलें; उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी होतें. तो जेवला आणि पुन्हां निजला. दूत दुसऱ्यानें आला, आणि पुन्हां त्याला जेवूं घातलें. उपदेशाच्या आधीं दोन वेळां झोंप आणि दोन वेळां अन्न! पुढील होरेबाची वाट चाळीस दिवसांची होती, हें देव जाणत होता.

आपलें शरीरही त्याच देवानें घडविलें आहे. भय वाटलें म्हणजे शरीरांत कांहीं रस सुटतात. छाती धडधडते, श्वास जलद होतो, अंग ताठतें. संकटापासून पळावयास ही शक्ति उपयोगी आहे, आणि संकट टळलें कीं ती ओसरते. पण काळजी रोजचीच झाली म्हणजे तिला ओसरावयास वेळच मिळत नाहीं. मग झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं, लहानशा गोष्टीवरून राग येतो. याकरितां वेळेवर निजणें व चार घांस बसून खाणें हा आळस नव्हे. तो आपल्या उत्पन्नकर्त्याचा मान राखणें होय.

हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मजकडे पांच गांवांची उपासना होती. त्यांत त्या महिन्यांत तीन प्रेतक्रिया आल्या, आणि घरांत मुलाचें आजारपण. एके संध्याकाळीं एक वृद्ध विधवा दाराशीं आली. तिला केवळ मुलाचें पत्र वाचून घ्यावयाचें होतें. मीं तिला असें तोडून बोललों कीं ती पत्र पदरांत गुंडाळून मुकाट्यानें परत गेली. माझी पत्नी कांहीं बोलली नाहीं. तिनें माझ्यापुढें ताट ठेविलें, आणि माझी वही व मोबाईल उचलून कपाटांत ठेविला. त्या रात्रीं मी आठ तास निजलों. सकाळीं मी त्या बाईच्या घरीं गेलों, क्षमा मागितली, आणि पत्र दोनदां वाचून दाखविलें. पुढच्या रविवारीं दोन गांवांची उपासना मीं मंडळीच्या वडिलांकडे सोंपविली. मोशेला त्याचा सासरा इथ्रो यानें जें शिकविलें, तें शिकावयास मला चाळीस वर्षें लागलीं.

होरेबावर देवानें एलीयाला आपलें गाऱ्हाणें सांगूं दिलें. एकच गाऱ्हाणें त्यानें दोनदां सांगितलें, आणि देवानें तें दोन्ही वेळां ऐकून घेतलें. नंतर त्याला झेपेल असें काम दिलें, अलीशासारखा सोबती दिला, आणि इस्राएलांत आणखी सात हजार जण आहेत हें कळविलें. तो एकटा नव्हता.

म्हणून बंधूंनो, रात्रीं निजण्यापूर्वीं आपल्या काळज्या एकेक नांव घेऊन देवाला सांगा. उद्यां जें आपल्या हातून होण्याजोगें आहे तेवढेंच ठरवा, आणि बाकीचें त्याच्या हातीं सोडा. मोबाईल उशापासून दूर ठेवा. आठवड्यांतून एकदां तरी एखाद्या विश्वासू माणसाजवळ मन मोकळें करा.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतों. तुमच्यापैकीं कोणी, आतां जगणें नको, असें बोलूं लागला, तर त्याला उपदेश करूं नका. त्याच्या प्रार्थनेंत उणें आहे असें म्हणूं नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटा सोडूं नका, फवारणीचें विष कुलपांत ठेवा, आणि त्याला डॉक्टरकडे न्या. भारत सरकारनें २०२२ सालीं टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, पैसे न घेतां, मराठींतही बोलतां येतें. देवदूतानें भाकर आणली; आपणही तेवढें करूं शकतों.

या आठवड्यांत आपल्या शेजारच्या झुडपाखालीं कोण बसला आहे, तें पाहा. आणि तुम्हीच तेथें बसलां असाल, तर आधीं उठून जेवा. वाट पुढें आहे, आणि तुमचा देव तुमच्या आधीं तेथें पोहोंचला आहे. आमेन.