आपलें म्हणजे कोणतें?

स्वतःच्या हातानें केलेली वस्तु आणि दुसऱ्याकडून करवून घेतलेली वस्तु, यांत अधिक ‘आपली’ कोणती, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. गेल्या दिवाळींत बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील नांदूरघाट येथें बहिणीकडे गेलों असतां तो तितकासा सोपा नाहीं असें मला आढळून आलें.

दोघां भाच्यांत वाद चालला होता. वीज येतांच विहिरीवरील पंप आपोआप सुरू व्हावा, वडिलांना रात्रींबेरात्रीं शेतावर जावें लागूं नये, एवढ्यासाठीं धाकट्यानें एक सर्किट बोर्ड घरींच तयार केला होता. थोरल्याचें म्हणणें असें कीं, नकाशा कारखान्याकडे धाडावा. बोर्ड तयार होऊन घरपोंच येतात. धाकटा मजकडे वळून म्हणाला, “मामा, तुम्हीच सांगा. विकत आणलेला बोर्ड माझा कसा?”

त्याच्या अभिमानाचें कारण मला समजत होतें. तांब्याचा पातळ थर चढविलेला फलक घ्यावयाचा. गुळगुळीत कागदावर लेझर यंत्रानें छापलेला नकाशा कपड्यांच्या इस्त्रीनें त्यावर उमटवावयाचा. मग फलक फेरिक क्लोराइडच्या द्रावणांत बुडवावयाचा. शाईखालचें तेवढें तांबें उरतें, बाकीचें विरघळतें. हा थर बहुधा ३५ मायक्रोमीटर जाडीचा असतो. इस्त्री पुरेशी तापली नाहीं तर रेषा तुटते. फलक द्रावणांत अधिक वेळ राहिला तर ती झिजते. तीन फलक वायां घालवून चौथा साधला, तेव्हां भाच्याला जें कळलें तें कोणत्याहि पुस्तकानें त्यास शिकविलें नसतें.

परंतु ‘हातानें केलें म्हणून माझें’ हा त्याचा युक्तिवाद टिकण्यासारखा नाहीं. तो फलक, तें छपाईचें यंत्र, ती इस्त्री, तें द्रावण हें सारें परक्यांनींच केलेलें. शिवाय छापील सर्किटाचा मुख्य लाभच मुळीं हाताचें काम कमी करण्याचा आहे. पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्यानें १९३६ च्या सुमारास लंडन येथें अशा सर्किटाचा रेडिओ तयार केला. त्या काळीं रेडिओंतील तारा सामान्यतः कामगार हातानें एकेक जोडीत असत. तेव्हां हाताचें तें शुद्ध आणि यंत्राचें तें भ्रष्ट, अशी रेघ ओढावयाची तरी कोठें?

माझ्या मतें खरा प्रश्न निराळाच आहे. आपल्या कृतीचे परिणाम कोणाच्या वांट्यास येतात, हा तो प्रश्न होय. वापरलेलें द्रावण भाच्यानें परसांत ओतून दिलें होतें. त्यांत विरघळलेलें तांबें पाण्यांतील जिवांस विषारी असतें. आणि विहीर तेथून वीस पावलांवर होती. ज्या जिल्ह्यांत उन्हाळा म्हटला कीं पाण्याची चिंता, तेथें ही चूक लहान म्हणतां येत नाहीं. मात्र थोरल्यानेंहि गर्व वाहूं नये. कारखान्यांतहि तांबें धुतलेलें सांडपाणी निघतेंच. तें शुद्ध करण्याचें बंधन कायद्यानें घातलेलें आहे. पण तें पाळलें जातें कीं नाहीं, हें मागणी नोंदविणारा सहसा विचारीत नाहीं. डोळ्यांआड झालेलें पाप नाहींसें होत नाहीं.

दुसरा परिणाम वडिलांच्या हातावर. पंपाची वीज ४१५ व्होल्टची. कारखान्याच्या बोर्डावर असतो तसा संरक्षक लेप घरच्या बोर्डावर नव्हता. दमट हवेंत व धुळींत त्यावरील रेषा गंजावयाच्या, क्वचित् दोन रेषांमधून वीज झिरपावयाची. अंधारांत ओल्या हातानें त्या पेटीशीं जाणार तो मुलगा नव्हे, बाप. आपल्या शिक्षणाची किंमत दुसऱ्याच्या जिवानें देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

म्हणून माझा निर्णय असा झाला: पहिला बोर्ड अभ्यासासाठीं टेबलावर राहावा, पंपावरील बोर्ड कारखान्यांतून यावा, आणि तो जाणत्या वायरमनाकडून तपासून घेतल्यावांचून बसवूं नये. पुढें घरीं प्रयोग केलेच, तर द्रावणांत धुण्याचा सोडा घालून तांबें गाळाच्या रूपानें खालीं बसवावें, आणि तो गाळ बरणींत जपून घातक कचरा घेणाऱ्यांच्या स्वाधीन करावा.

थोरल्याला आपण जिंकलों असें वाटलें. तोंवर गप्प बसलेले दाजी म्हणाले, “आणि तो विकतचा बोर्ड भर उन्हाळ्यांत बंद पडला, तर उघडून बघणार कोण?” थोरला निरुत्तर झाला. धाकटा म्हणाला, “मी बघेन, बाबा.” त्याला तें म्हणतां आलें, तें त्या फुकट गेलेल्या तीन फलकांमुळें. वस्तु कोणी घडविली यापेक्षां ती बिघडली असतां तिचें उत्तर कोण देतो, यावरून ती कोणाची हें ठरवावें, असें मला त्या दिवसापासून वाटूं लागलें आहे.