बाटलीतलं सोवळं

बस. आधी तो मोबाइल पालथा ठेव. फोटो पाहिलेत मी सगळे. मंडळीतल्या तिघींनी रविवारी उपासना संपायच्या आत मला तेच दाखवले. सातवीत असताना उत्तर पाठ करून तू सगळ्यांच्या आधी हात वर करायचास, आणि प्रश्न काय होता म्हटलं की आढ्याकडे बघायचास. तुझ्यात फारसा फरक पडलेला दिसत नाही.

हा तुझा अहवाल. सुबक आहे, शुद्धलेखनाच्या चुका चारच. 'सहकुटुंब सेवाकार्य. दोन रात्रींत ३१ कुटुंबे शिष्यत्वाच्या मार्गावर.' कुटुंबं मोजलीस की पोती? त्यातल्या एका बाईचं नाव सांग. बरं, नाव राहू दे, गाव सांग. पाटोदा? गेवराई? आष्टी? बघ, पुन्हा आढ्याकडे.

त्या रात्री मी तिथं होते. 'बाई, आमचं काम एकदा बघाच' म्हणून तूच गाडीत घालून नेलंस. बघितलं. साखर कारखान्यामागच्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, आणि तुझा वर्ग रात्री साडेआठला. ती माणसं पहाटे चारच्या आधी उठून फडात गेलेली. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या, मग येऊन भाकरी थापायच्या. पुढच्या रांगेतल्या पोरीची मान खाली पडली, आणि तू अहवालात लिहिलंस, 'काहींमध्ये आत्मिक भूक कमी जाणवली.' अरे, तिला झोप आली होती! गेथशेमानेच्या बागेत खुद्द शिष्यांना झोप लागली होती, त्यांना तर मोळ्याही वाहायच्या नव्हत्या.

पण मी तुला त्यासाठी बोलावलं नाही.

तू प्रभूची प्रार्थना म्हणवून घेत होतास. तू एक ओळ म्हणायची, त्यांनी मागून म्हणायची. ऋण सोडायची ओळ आली आणि साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवलेली ती बाई थांबली. पाचटानं चिरलेले हात, त्यावर उसाचा काळा चिकट थर. तू दिलेल्या पुस्तिकेवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, तो पुसायला बघत होती. तिनं विचारलं, 'मुकादमाचंबी सुटतंय का?' आणि तू हसलास. 'मावशी, ते वेगळं. हे पापाचं ऋण, आत्मिक,' म्हणालास आणि पुढची ओळ घेतलीस.

त्या रात्री प्रार्थनेतला तो शब्द कुणाला अंगभर कळला असेल, तर तिला. तू तिच्या हातातून तो काढून घेतलास. मीही गप्प बसले. पोत्यावर बसून गुडघे चोळत राहिले, ते माझं चुकलं. म्हणून रागाचा अर्धा वाटा माझा मी ठेवते, उरलेला तुझा.

तिचं मुकादमाचं ऋण म्हणजे उचल. ती काय असते, माहीत आहे? दसऱ्याच्या आधी मुकादम एका कोयत्याला पैसे देतो. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. त्या भाषेत दोन माणसांना मिळून हत्याराचं नाव आहे, हेही तुझ्या कानावरून गेलं. मग टनावारी हिशेब, खाडा झाला की कापून घ्यायचं, आणि हंगामाअखेर फिटलं नाही तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. खाडा परवडत नाही, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांवर ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. तुझी बायको दवाखान्यात नर्स आहे ना? तिनं दोन रात्री बायकांकडून टाळ्यांची गाणी बसवून घेतली. गळा चांगला आहे तिचा. एकीलाही 'पोट दुखतं का गं' विचारलं नाही.

आणि मला पंडिता रमाबाईंचा दाखला देतोस! अहवालाच्या पहिल्याच पानावर, जाड अक्षरात. मग ऐक.

माझी आजी केडगावची. आपलं नगरजवळचं नव्हे, दौंडकडचं. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून तिथं आलेली पोर. मरेपर्यंत आकडे गुजरातीत मोजायची. त्या सुमाराला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दोन हजारांच्या आसपास बायका-पोरी झाल्या होत्या. रमाबाई त्यांच्याकडे खुर्ची टाकून बोलायला गेल्या नव्हत्या. त्यांचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेले, आणि रमाबाई भावाबरोबर उपाशी, अनवाणी देश तुडवत फिरल्या. १८९६-९७ला मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास पोरी आणल्या, तेव्हा भूक त्यांना कुणी समजावून सांगायची नव्हती. पोरी आल्यावर नुसती भजनं शिकवली नाहीत. माग, तेलाचा घाणा, गोठा, छापखाना! आजी छापखान्यात होती. खिळे जुळवताना अक्षरं उलटी वाचायची सवय लागली, ती म्हातारपणीही गेली नाही. आरशात बघून वर्तमानपत्र वाचून दाखवायची आम्हाला.

आणि ते खिळे कुठल्या पुस्तकाचे होते? संस्कृत कोळून प्यालेली बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकत बसली, का, तर तेव्हाचं मराठी बायबल खेड्यातल्या बाईला जड जातं. अठरा-एक वर्षं नव्या भाषांतराचं ते काम. १९२१ला मुलगी मनोरमा गेली. मायलेकी मिळून तो संसार चालवत होत्या. तरी हात थांबला नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. पुस्तक निघालं ते १९२४ला. एका शब्दाला अडणारी बाई डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी आयुष्य घातलं. तुझ्यासमोर तशी बाई अडली, तोंडानं विचारलं, आणि तू 'आत्मिक' म्हणून पुढं गेलास.

काय म्हणालास? त्या काळीही फोटो काढायचे? हो, काढायचे. मिशनांच्या मासिकांतून दुष्काळी पोरांची हाडं मोजता येतील असे फोटो साता समुद्रापार जायचे, देणग्या यायच्या. त्या पैशातच माझी आजी जगली, हे मी विसरत नाही. पण घरात तिचा लहानपणीचा एक फोटो होता, तो तिनं आयुष्यभर ट्रंकेच्या तळाशी पालथा ठेवला. म्हणून तुलाही मोबाइल पालथा ठेव म्हटलं. चौथ्या फोटोत त्या बाईनं पदर तोंडावर ओढलाय, दिसला नाही? की 'लाजरी' म्हणून सोडलास?

आता चहाचं.

त्याच बाईनं कोरा चहा केला. तिचाच गूळ, तिचंच जळण. स्टीलचे चार पेले, दोन शेजारच्या कोपीतून मागून आणलेले. तू 'नको मावशी, आत्ताच झाला' म्हणालास. खोटं. तुझ्या लेकरांनी आईकडे बघितलं आणि पिशवीतल्या पाण्याच्या बाटल्या काढल्या. पेला तिच्या हातात तसाच. मग तिनं तो मला दिला.

लक्ष्मीबाई टिळक आठवतात? 'स्मृतिचित्रे' तुला मी दोनदा वाचायला लावलं होतं, एकदा शिक्षा म्हणून. १८९५ला नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं ही बाई नवऱ्याच्या घरी आली, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. ते सोवळं सोडायला काळ गेला, जीव कासावीस झाला, आणि ते तिनं लपवलं नाही. स्वतःलाच हसत लिहून ठेवलं. सोडलं तेही कुणी हात धरून नाही, स्वतःच्या विचारानं. १९००ला तिचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढं त्या घरात लोकांची किती पोरं वाढली! तिनं सोवळ्याला निदान सोवळं म्हटलं होतं. तुझं सोवळं सीलबंद बाटलीत आहे आणि त्याला तू 'इन्फेक्शन' म्हणतोस. तुझ्या पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर वरून पाणी वाढत असतील, म्हणून तर ते मिशनच्या दारात आले. आणि त्यांच्या पणतवंडांना पेल्याची किळस!

रडू नकोस, मला रडणं चालत नाही. पुन्हा जा. बॅनर नको, गिटार नको. रात्री जाऊ नकोस, कारखान्याच्या सुट्टीचा दिवस विचारून घे. त्या बाईला विचार, उचल किती, फिटली किती, हिशेबाची वही आहे का. नसेल तर तुझ्या पोराची एक कोरी वही ने आणि ती सांगेल तसं लिहून दे. टनाचं गणित तुला जमतं, शंभरपैकी ब्याण्णव होते. ऋणाची ओळ तिनं पुन्हा काढली तर हसू नकोस. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण. बायकोला म्हणावं, रक्तदाबाचं यंत्र ठेव पिशवीत. आणि लेकरांना घरूनच सांगून ने, पेला दोन्ही हातांनी घ्यायचा.

जा आता. तो अहवाल इथंच ठेव. पाठची बाजू कोरी आहे, मला वाण्याची यादी करायचीय.